फॉक्सप्रो न येणारा सल्लागार चालेल का?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्थेचे सरव्यवस्थापक लिहितात की, संस्थेच्या नऊ शाखांचा ठेवी, कर्जे, पिग्मी, सोनेतारण आणि भागभांडवल हा सारा हिशेब व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो. ते गावातल्याच एका प्रोग्रामरनी अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी करून दिले आणि आजवर तेच सांभाळत आले. आता वयोमानामुळे त्यांना काम थांबवायचे आहे. संचालक मंडळाने नवी प्रणाली आणण्याचा ठराव केला असून त्यासाठी वर्षभराकरिता एक तांत्रिक सल्लागार नेमायचा आहे. जाहिरातीत ‘फॉक्सप्रोचा किमान दहा वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशी अट होती. मुलाखतींनंतर दोन नावे उरली. पहिले उमेदवार पंधरा वर्षे फॉक्सप्रोवरच काम करत आहेत. दुसऱ्या उमेदवार बाईंनी चौदा वर्षे जावा ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांवर काम केले आहे आणि दोन संस्थांच्या जुन्या प्रणाली नव्यावर नेण्याचे काम स्वतः उभे राहून पार पाडले आहे. मात्र फॉक्सप्रो कधी उघडलेले नाही, असे त्यांनी मुलाखतीत विचारण्याआधीच सांगितले. अध्यक्षांचे म्हणणे असे की, डिझेलच्या गाडीला पेट्रोलचा मेकॅनिक कशाला? बाई आपल्या पैशाने शिकणार आणि चुका ठेवीदारांच्या खात्यांवर होणार. सरव्यवस्थापकांना स्वतःला बाईंचे प्रश्न अधिक नेमके वाटले, पण तांत्रिक बाबतीत बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असेही ते म्हणतात. भाषेचा प्रत्यक्ष अनुभव नसलेला सल्लागार नेमणे धोक्याचे आहे का आणि जुन्या प्रोग्रामरना मानधन देऊन थांबवून घ्यावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

आपल्या अध्यक्षांची भीती मला अनाठायी वाटत नाही. सल्लागाराने ग्राहकाच्या खर्चाने शिकावे आणि जाताना ते शिक्षण बरोबर घेऊन जावे, असे या व्यवसायात सर्रास घडते; आणि ठेवीदारांच्या पैशाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी याबाबत सावध असायलाच हवे. मात्र आपल्या जाहिरातीतली ती अट कोणत्या कामासाठी घातली गेली, हे पत्रात कुठेच सांगितलेले नाही. संस्थेत फॉक्सप्रो आहे, म्हणून सल्लागाराला फॉक्सप्रो यायला हवे, एवढ्यावरच ती लिहिली गेली असावी असा माझा कयास आहे. अशा अटी बहुतेक ठिकाणी अशाच लिहिल्या जातात. जुलै २०२० मध्ये फास्ट-एपीआय या प्रोग्रामिंगच्या साधनाचे कर्ते सेबास्टियन रामिरेझ यांनी जाहीरपणे सांगितले होते की, त्या साधनाचा चार वर्षांचा अनुभव मागणारी एक जाहिरात त्यांनी पाहिली, पण त्या जागेसाठी ते स्वतःही अर्ज करू शकत नव्हते, कारण ते साधन त्यांनी तयार करूनच दीड वर्ष झाले होते.

तेव्हा आधी कामाकडे पाहू. आपण ‘सल्लागार’ या एकाच पदात तीन माणसांची कामे घातली आहेत. नवी प्रणाली सुरू होईपर्यंत जुने सॉफ्टवेअर बंद पडू न देणे हे एक काम. जुन्या फाइलींतली माहिती शाबूत बाहेर काढणे हे दुसरे. आणि नवे काय घ्यायचे, कोणाकडून, कोणत्या अटींवर, आणि आलेली वस्तू बरोबर चालते की नाही हे कसे तपासायचे, याचा निर्णय घ्यायला मंडळाला मदत करणे हे तिसरे. पहिल्या कामाला फॉक्सप्रो हाताशी असलेला माणूसच लागतो, त्यात वाद नाही. दुसऱ्या कामाच्या काही भागाला तो लागतो. तिसऱ्या कामाशी मात्र फॉक्सप्रोचा जवळजवळ काहीच संबंध नाही, आणि वर्षभराच्या मानधनातला बराचसा भाग आपण त्यासाठीच देणार आहात.

नवी प्रणाली कोणीतरी नव्याने लिहायची आहे, असे आपण गृहीत धरलेले दिसते. खरोखर तसेच ठरले आहे का? नऊ शाखांच्या पतसंस्थेला तयार कोअर बँकिंग सॉफ्टवेअर देणारे विक्रेते महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि आपल्याएवढ्या अनेक संस्था तोच मार्ग घेतात. आपणही तो घेतलात तर सल्लागार प्रोग्रामची एक ओळही लिहिणार नाही. तो आपल्या गरजा लिहून काढील, विक्रेत्यांची प्रात्यक्षिके पाहील, करार वाचील आणि चाचण्या घेईल. त्या कामात फॉक्सप्रोची पंधरा वर्षेही फारशी कामाला येत नाहीत आणि जावाची चौदाही येत नाहीत.

आता फॉक्सप्रोच्या अनुभवाला खरी किंमत कुठे आहे ते सविस्तर पाहू, कारण अध्यक्षांच्या आक्षेपाला मोघम उत्तर देऊन चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्येच जाहीर केले होते की, व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती ही शेवटची. आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही संपला. चालू प्रोग्राम त्यामुळे थांबले नाहीत, तसे आपलेही थांबले नाही. पण या फाइलींच्या काही खोडी आहेत आणि त्या माहीत नसलेल्या माणसाने माहिती बाहेर काढली तर गोंधळ उडतो.

फॉक्सप्रोमध्ये एखादी नोंद काढून टाकली तरी ती फाइलीतून जात नाही. तिच्यावर फक्त रद्द झाल्याची खूण होते, आणि पॅक ही आज्ञा दिल्याशिवाय ती तशीच पडून राहते. ही खूण न पाहता फाईल वाचणाऱ्या साधनाने माहिती उचलली, तर काढून टाकलेल्या नोंदी नव्या प्रणालीत जिवंत होऊन येतात. चुकून दोनदा टाकलेली आणि मग काढलेली पावती पुन्हा उभी राहिली की खात्याची बाकी बदलते. दुसरी खोड रिकाम्या तारखेची. फॉक्सप्रोत तारखेचा रकाना खरोखर रिकामा असू शकतो. पण काही मार्गांनी ती माहिती दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेली की रिकाम्या जागी ३० डिसेंबर १८९९ ही तारीख येऊन बसते. मुदतीची तारीख न भरलेली एखादी ठेव व्हिक्टोरिया राणीच्या काळातच मुदत संपून पडल्याचे नव्या अहवालात दिसले, तर आधी हसू येईल. त्या तारखेवरून व्याजाची आकारणी झाली की येणार नाही.

नावांचा प्रश्न याहून किचकट आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रो युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची आजची समान संकेतपद्धती, मुळात हाताळत नाही, त्यामुळे त्या काळातल्या संस्थांनी सभासदांची मराठी नावे जुन्या फॉन्टमध्ये टंकली. फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो. शिवाय या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार जसा दिसतो तसा अक्षराच्या आधी साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये तो अक्षरानंतर यावा लागतो. रफाराचीही जागा अशीच बदलते. एखाद्या शाखेने मध्येच फॉन्ट बदलला असेल तर एकाच फाइलीत दोन तक्ते लागतात. आपल्या नावांच्या फाइली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, हे जुन्या प्रोग्रामरना आजच विचारून ठेवा.

आणि पैशाच्या पूर्णांकाचा प्रश्न. साडेबारा रुपये जवळच्या रुपयात आणायचे असतील तर फॉक्सप्रो तेरा करतो. सी-शार्प किंवा पायथन या भाषांचे मुळातले फंक्शन, वेगळे काही सांगितले नाही तर, जवळच्या सम संख्येकडे जाते आणि बारा करते. पोस्टग्रेसमध्ये तर तो आकडा कोणत्या प्रकारच्या रकान्यात ठेवला आहे यावरही उत्तर अवलंबून राहू शकते, आणि ही गोष्ट फॉक्सप्रोवाल्याला नव्हे, आपल्या दुसऱ्या उमेदवार बाईंना ठाऊक असण्याचा संभव जास्त. हजारो बचत आणि पिग्मी खात्यांवर व्याज पडते तेव्हा हा अर्धा रुपया शाखेच्या तेरजेत, म्हणजे सर्व खात्यांच्या बाक्यांच्या गोषवाऱ्यात, दिसू लागतो, आणि तो का दिसतो हे शोधायला कधी कधी दिवस जातात.

एवढे सगळे वाचून अध्यक्षांचेच खरे, असे आपल्याला वाटेल. पण या चार चुका कशा पकडल्या जातात, ते पाहा. रद्द नोंदी परत आल्या तर खात्यांची संख्या आणि शाखेची तेरीज जुळत नाही. नावे बिघडली तर पहिल्याच यादीत डोळ्यांना दिसतात. १८९९ सालची तारीख तारखांची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत तपासताना वर येते. पूर्णांकाचा फरक जुनी आणि नवी प्रणाली समांतर चालवून दोन्हींचे व्याज ताडले की सापडतो. म्हणजे ज्याला या खोडी आधीपासून ठाऊक आहेत त्याचा वेळ वाचतो, पण ज्याला ताळा घेण्याची शिस्त आहे त्याला त्या ठाऊक नसल्या तरी सापडतात. याच्या उलट, फॉक्सप्रो कोळून प्यायलेला पण ताळ्याचा कंटाळा असलेला माणूस या चारही गोष्टी बरोबर करून आपल्याच संस्थेतली पाचवी एखादी गोष्ट चुकवू शकतो, आणि ती कोणाच्याच लक्षात येत नाही. दोन प्रणालींचे स्थलांतर पार पाडलेल्या व्यक्तीकडे ही शिस्त असण्याची शक्यता अधिक आहे. ती आहेच असे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. ती तपासावी लागेल, आणि कशी ते पुढे लिहिले आहे.

ही पाचवी गोष्ट कोणती? पिग्मी मुदतीपूर्वी बंद केली तर एजंटचे कमिशन ठेवीदाराच्या रकमेतून वळते करायचे की नाही. अमुक वर्षाच्या ठरावाआधीच्या ठेवींना जुनाच दर चालू ठेवायचा. ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव दर संयुक्त खात्यात पहिल्या नावावरून द्यायचा की कोणत्याही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळालेल्या कर्जाची व्याज आकारणी पुढे कशी दाखवायची. असे पन्नास निर्णय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये गाडलेले असतील. त्यांतले काही संचालक मंडळाच्या ठरावांत सापडतील, काही परिपत्रकांत, आणि बाकीचे फक्त जुन्या प्रोग्रामरच्या आणि आपल्या मुख्य शाखेतल्या एखाद्या जुन्या लेखनिकाच्या डोक्यात असतील. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच हे मांडले होते की, प्रोग्रामचे खरे ज्ञान लिहिलेल्या ओळींत पूर्णपणे उतरत नाही, ते तो घडवणाऱ्यांच्या समजुतीत राहते, आणि ती माणसे पांगली की प्रोग्राम चालू राहिला तरी त्याच्यात शहाणपणाने बदल करणे अशक्य होत जाते. या ज्ञानाच्या बाबतीत आपले दोन्ही उमेदवार सारखेच कोरे आहेत. फॉक्सप्रो येणाऱ्या गृहस्थांना ओळी वाचता येतील, हे खरे. पण एखादी अट तिथे का आहे, ती नियम म्हणून आहे की २०११ च्या एखाद्या लेखापरीक्षणातला आक्षेप मिटवण्यापुरती घातली होती, हे त्यांनाही विचारूनच कळणार.

आता वर्षांच्या आकड्याविषयी थोडेसे. कर्मचारी निवडीच्या संशोधनात फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांचा १९९८ चा आढावा पुष्कळ उद्धृत होतो. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि पुढच्या कामगिरीतील परस्परसंबंध ०.५४ होता (१ म्हणजे पूर्ण संबंध, ० म्हणजे काहीच नाही), तर नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा ०.१८. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा बरेच आकडे खाली आले आणि सर्वांना तेच प्रश्न, तेच निकष अशा आखीव मुलाखतीला सर्वांत वरचे स्थान मिळाले. अनुभवाची वर्षे तेव्हाही तळाशीच राहिली. हे आकडे सर्वसाधारण नोकऱ्यांचे आहेत, वर्षभराच्या सल्लागारांचे नव्हेत, म्हणून मी त्यांच्यावर सगळा भार टाकणार नाही. पण त्याच १९९८ च्या आढाव्यातला एक बारकावा आपल्या उपयोगाचा आहे: पहिल्या पाचेक वर्षांपर्यंत अनुभवाने फरक पडतो, नंतर तो आलेख जवळपास सपाट होतो. म्हणजे दहा वर्षांची अट घालून आपण पाच वर्षांवाल्यांना विनाकारण बाहेर ठेवलेत, आणि पंधरा वर्षे पाहून उमेदवाराला जे जादा गुण दिलेत त्यांना फारसा आधार नाही.

पहिल्या उमेदवाराविषयी मात्र माझ्याकडून अन्याय होऊ नये. फॉक्सप्रोला भवितव्य नाही म्हणून त्यात राहिलेला माणूस मागासलेला, असे समजणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्रातल्या कित्येक पतसंस्था, व्यापारी पेढ्या आणि छोटे कारखाने अशाच माणसांमुळे बिनघोर चालले. त्यांनी ही पंधरा वर्षे कोणत्या संस्थांत काढली, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. त्यांतली निम्मी जरी पतसंस्थांत गेली असतील, पिग्मीची आणि सोनेतारणाची आकारणी त्यांनी स्वतः लिहिली असेल, लेखापरीक्षकाच्या आक्षेपांना उत्तरे दिली असतील, तर त्या ज्ञानाचे मोल फॉक्सप्रोपेक्षा कितीतरी अधिक आहे आणि माझे मत त्यांच्याकडे झुकेल. ती पंधरा वर्षे औषधांच्या घाऊक विक्रेत्यांच्या बिलांमध्ये गेली असतील तर भाषा तीच असूनही आपल्या कामाला त्यांचा उपयोग मर्यादित आहे. त्यांना आणखी एक विचारा: जानेवारी २०१५ नंतर त्यांनी किती ग्राहकांना फॉक्सप्रोतून बाहेर पडायला मदत केली? एकालाही केली नसेल तर आपण ज्या कामासाठी त्यांना बोलावत आहात ते त्यांनी कधी केलेलेच नाही.

प्रत्येक सल्लागाराला, तो कितीही सचोटीचा असो, आपल्याला येते तेच उत्तर योग्य वाटू लागते. फॉक्सप्रोवाले गृहस्थ कदाचित म्हणतील की, जुनेच सॉफ्टवेअर थोडे नीटनेटके करून आणखी पाच वर्षे काढता येतील. बाई कदाचित म्हणतील की, जावामध्ये सगळे नव्याने लिहू. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: सल्ल्यातून पुढे जे काम निघेल ते आपल्याला किंवा आपल्या परिचितांना मिळणार नाही, असे करारात लिहिले तर आपला सल्ला काय असेल? हे कलम करारात खरोखर लिहाही.

अध्यक्षांच्या डिझेल-पेट्रोलच्या दाखल्याबद्दल एवढेच म्हणेन की, तो दुरुस्तीच्या कामाला चपखल लागू पडतो. गाडी रस्त्यात बंद पडली असेल तर त्याच इंजिनाचा मेकॅनिक हवा. आपण मात्र ही गाडी काढून टाकून दुसरी घ्यायला निघाला आहात. हा फरक इतर वाचकांनाही उपयोगी पडावा म्हणून थोडा व्यापक करून सांगतो. शिकायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा काम लहान असेल, तर ती विशिष्ट गोष्ट आधीच येणारा माणूसच घ्यावा. पगारपत्रकाचा प्रोग्राम महिनाअखेरीला अडला आहे, रुग्णालयाचे बिलिंग दोन दिवसांपासून बंद आहे, कारखान्यातल्या यंत्राच्या पीएलसीमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या नियंत्रकात, एक बदल हवा आहे, अशा वेळी हुशार पण अनोळखी माणसाला बोलावणे हा अव्यापारेषु व्यापार. काम सहा महिन्यांचे, वर्षाचे असेल आणि त्यात निर्णय जास्त व टंकन कमी असेल, तर अनुभवी माणसाला नवी भाषा वाचता येण्यापुरती शिकायला लागणारे काही आठवडे हा परवडणारा खर्च आहे. आणि आपली अडचण खरोखर त्या भाषेचीच आहे ना, याची खात्री आधी करून घ्यावी. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले होते. साठ वर्षांची भाषा, जाणकार मिळत नाहीत, म्हणून सगळे अडले, अशी बातमी जगभर गेली. संगणकाच्या इतिहासाचे अभ्यासक मार हिक्स यांनी नंतर लिहिले की, त्या गर्दीत कोलमडला तो अर्ज भरण्याचा जावामध्ये लिहिलेला पुढचा भाग. मागची कोबोलची यंत्रणा तग धरून होती.

आता निवड कशी करावी ते. दोघांनाही तीन दिवसांचे सशुल्क काम द्या, तेच आणि तेवढ्याच मोबदल्यात. एका लहान शाखेच्या फाइलींची प्रत घ्या; सभासदांची नावे, पत्ते, आधार, पॅन आणि मोबाईल क्रमांक जुन्या प्रोग्रामरकडून बदलून घ्या, कारण नेमणूक न झालेल्या माणसाच्या हाती खरी माहिती देणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. फॉन्टची परीक्षा घ्यायची असेल तर त्याच फॉन्टमध्ये टंकलेली शंभरएक काल्पनिक नावे त्यात घाला. मग सांगा की, गेल्या ३१ मार्चची ठेवींची आणि कर्जांची बाकी या फाइलींवरून काढून छापील तेरजेशी जुळवून दाखवा. जिथे जुळत नाही तिथे का जुळत नाही ते लिहा. आणि या तीन दिवसांत जे प्रश्न पडले त्यांची यादी द्या. फॉक्सप्रोच्या फाइली वाचणारी साधने सहज उपलब्ध आहेत, त्यामुळे बाईंनाही हे अशक्य नाही. गृहस्थ हे काम लवकर उरकतील, हे उघड आहे. आपण वेगापेक्षा न जुळलेल्या रकमेचे काय केले ते पाहा. ‘किरकोळ फरक’ म्हणून सोडून दिला का, की नोंदीपर्यंत जाऊन शोधला? प्रश्नांच्या यादीत फक्त फाइलींची नावे आहेत, की पिग्मी एजंटने शनिवारी गोळा केलेली रक्कम सोमवारच्या किर्दीत येते तेव्हा व्याज कोणत्या दिवसापासून धरता, असा एखादा प्रश्न आहे? हे ओळखायला तांत्रिक अधिकार लागत नाही. तेरीज वाचता येणाऱ्याला ते आपोआप कळते, म्हणून तुमचा अधिकार इथे सल्लागारापेक्षा आणि अध्यक्षांपेक्षाही मोठा आहे. बाईंचे प्रश्न अधिक नेमके वाटले, असे आपण लिहिलेत. ते कोणते होते हे कागदावर उतरवून मंडळापुढे ठेवा.

दोघांच्या आधीच्या ग्राहकांशीही बोला, आणि काम चांगले झाले का एवढेच विचारू नका, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. त्यांनी कोणती गोष्ट करू नका असे सांगितले होते, आणि त्यांचे ऐकले नाही तेव्हा काय झाले, हे विचारा. मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीत प्रत्येक संचालकाने आपले गुण चर्चेआधी स्वतंत्रपणे लिहून द्यावेत; नाहीतर अध्यक्षांचे मत आधी आले की बाकीच्यांचे तसेच होते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक वेळा पाहिले असेल.

पत्रात दिसते तेवढ्यावरून विचाराल तर, तीन दिवसांच्या कामात फार उणे काही आढळले नाही तर मी दुसऱ्या उमेदवार बाईंना सल्लागार म्हणून नेमीन, आणि माहिती बाहेर काढण्याच्या टप्प्यापुरते, तासांची मर्यादा घालून, पहिल्या गृहस्थांना विचारीन. त्यांच्या पंधरा वर्षांचा खरा उपयोग तिथे आहे, आणि तेवढ्या कामाचा योग्य मोबदला त्यांनाही कमीपणाचा वाटू नये. आपल्याला जे येत नाही ते विचारण्याआधी सांगणारी व्यक्ती ताळ्यातला फरकही लपवणार नाही, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, म्हणून तीन दिवसांचे काम टाळू नका. बाईंच्या करारात ‘पहिल्या महिन्यात जुन्या प्रणालीतील प्रत्येक आकारणीचा नियम मराठीत लिहून सरव्यवस्थापकांकडून तपासून घेणे’ हे काम पैशाच्या पहिल्या हप्त्याशी जोडा. अध्यक्षांनी ज्याला आपल्या पैशाने शिकणे म्हटले, त्याचा हा भाग संस्थेच्याच दप्तरात राहील. प्रणाली बदलण्याचा मुहूर्त १ एप्रिलचा धरू नका. वर्षअखेरीच्या धावपळीत समांतर चालवणे कोणालाच जमत नाही. एक तिमाही तरी दोन्ही प्रणाली बरोबर चालाव्यात, आणि तिच्यात व्याज आकारणीचा एक दिवस यावा.

राहिला जुन्या प्रोग्रामरचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. माझ्या मते दोन उमेदवारांतल्या निवडीपेक्षा हा निर्णय अधिक निकडीचा आहे आणि तो मंडळाच्या पुढच्याच सभेत व्हावा. त्यांना दरमहा ठरावीक मानधनावर, आठवड्यातून एक-दोन बैठका एवढ्याच बोलीवर, नवी प्रणाली स्थिर होईपर्यंत थांबवून घ्या. बैठका मुख्य शाखेतल्या जुन्या लेखनिकासह घ्या आणि त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. सोर्स कोडची पूर्ण प्रत, चालू असलेल्या आवृत्तीशी जुळते याची खात्री करून, संस्थेच्या ताब्यात घ्या. अनेक ठिकाणी संस्थेकडे फक्त चालणारा प्रोग्राम असतो आणि मूळ लिखाण प्रोग्रामरच्या घरच्या संगणकावर. त्या कोडचा हक्क कोणाचा हेही कागदावर आणा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. पण आपले प्रोग्रामर पगारी नोकर नसतील, तर लेखी हस्तांतरण झाल्याखेरीज तो हक्क त्यांच्याकडेच राहतो. हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरतेच मानले जाते, म्हणून मुदत स्पष्ट लिहा आणि मसुदा संस्थेच्या वकिलांकडून तपासून घ्या. हा विषय काढताना त्यांना अविश्वासाचा वास येऊ नये, याची काळजी घ्यावी लागेल. अठरा वर्षांत त्यांनी किती वेळा रात्री येऊन दिवसअखेरीचा हिशेब जुळवून दिला असेल, हे आपल्याला ठाऊक आहे. मानधनाचा ठराव आधी मंजूर करून, तो हाती घेऊनच त्यांच्याकडे जा. फाइलींचा फॉन्ट कोणता आणि शेवटचे पॅक कधी केले, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.